ऑटोरन्स: अँटिव्हायरस काढल्यावर मागे उरलेल्या नोंदी शोधताना

१९ तारखेला संध्याकाळी साडेसहाला विश्रामबागेतल्या करसल्लागार काकांचा फोन आला. "ताई, कीबोर्ड मेलाय. दोन बदलून बघितले. उद्या २० तारीख, सात पार्ट्यांचं ३बी राहिलंय." ३बी म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, आणि जीएसटीशी ज्यांचा संबंध येतो त्यांना २० तारीख काय असते ते सांगायला नको. मी पेनड्राइव्ह उचलला आणि निघाले.

मी सांगलीत कॉम्प्युटर देखभालीची कामं घेते. करसल्लागार, दोन पतसंस्था, काही दवाखाने, एक छापखाना, अशी ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. ज्या अवजाराबद्दल आज लिहितेय ते माझ्या पेनड्राइव्हवर कायम असतं. त्याचं नाव ऑटोरन्स. फुकट मिळतं, काही एमबींचं आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यातले गुण आणि उणिवा दोन्ही मला त्या रात्री एकदमच दिसल्या, म्हणून आधी त्या रात्रीचंच सांगते.

दुपारी अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून काकांच्या ऑफिसातल्या मुलाने तो कंट्रोल पॅनलमधून काढून टाकला होता. शेवटी रीस्टार्ट मागितलं, त्याने ते दिलं, आणि मशीन परत चालू झालं तेव्हा पासवर्डच्या चौकटीत एक अक्षर उमटेना. माउस चालत होता. खालच्या दुकानदाराने येऊन बघितलं आणि सांगितलं, व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावं लागेल. काकांचा चेहरा उतरला होता, कारण त्या मशीनवर टॅलीचा ११ वर्षांचा डेटा होता आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला ते मुलाला आठवत नव्हतं.

मी पहिल्यांदा मशीन बंद करून चालू केलं आणि एफ२ दाबलं. विंडोजच्या आधी चालणाऱ्या बायोसचा निळा पडदा आला, बाणाच्या बटणांनी वरखाली जाता येत होतं. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत होता, वायर ठीक होती, यूएसबीचं तोंडही ठीक होतं. विंडोज वर आलं की मात्र नमलॉकचा दिवा दाबूनही पेटत नव्हता. बिघाड विंडोजच्या आत होता हे तिथेच पक्कं झालं. पासवर्डच्या पडद्यावर उजवीकडे खाली एक चिन्ह असतं, त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. माउसने एकेक अक्षर टिपून आत गेले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या नावावर पिवळा त्रिकोण होता आणि कारण लिहिलं होतं, कोड ३९: ड्रायव्हर लोड होत नाही, तो बिघडलेला किंवा गायब असू शकतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोजच्या अगदी आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, कीबोर्डासारखं यंत्र त्याच्यामुळे चालतं.

आता ऑटोरन्स काय करतं ते सांगते. विंडोज चालू होताना जे जे आपोआप उठतं, प्रोग्रॅम, सर्व्हिसेस, ड्रायव्हर, वेळ लावून ठेवलेली कामं, एक्स्प्लोररला चिकटलेली जोडकामं, ते सगळं हे एका पडद्यावर मांडतं. प्रत्येक ओळीत नाव, कोणी बनवलं, फाइल कुठे आहे, तारीख काय. या नोंदी रजिस्ट्रीत शेकडो ठिकाणी विखुरलेल्या असतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही; १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर ती छोट्या कामासाठी आली आणि विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यावर गेला. आजही तिचे मुख्य भाग विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात सिस्टम, सॉफ्टवेअर अशा नावांच्या फाइलींत ठेवलेले असतात. ती बघायचं विंडोजचं अवजार म्हणजे रेजएडिट. ते उघडलं की डाव्या बाजूला फोल्डरांसारखं झाड दिसतं. त्यांना खरं तर 'की' म्हणतात, पण मराठी वाक्यात त्या शब्दाने घोळ होतो, म्हणून मी फोल्डरच म्हणणार आहे.

ऑटोरन्स बनवलं मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या दोघांनी. १९९६ मध्ये त्यांनी सिसइंटर्नल्स नावाने आपली अवजारं फुकट वाटायला सुरुवात केली. जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली, पण अवजारं फुकटच राहिली. मला या गोष्टीबद्दल मनापासून आदर वाटतो. ज्या अवजारावर माझ्यासारख्या गावोगावच्या माणसांचं पोट चालतं त्यासाठी त्यांनी एक पैसा मागितलेला नाही.

तर त्या रात्री मी ऑटोरन्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं. ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या. एवढं केलं की यादी एकदम आटोपशीर होते आणि बाहेरून आलेली मंडळीच तेवढी उरतात. मग ड्रायव्हर्सच्या पानावर गेले. तिथे तीन ओळी पिवळ्या होत्या. ऑटोरन्समध्ये पिवळा रंग म्हणजे नोंद आहे पण ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइलच जागेवर नाही. गुलाबी रंग वेगळा. तिथे फाइल असते पण कोणी बनवली त्याची खात्रीची सही नसते. पिवळ्या तिन्ही ओळींची नावं आठ-नऊ अक्षरांची, स्वरच नसलेली, वाचताच येऊ नयेत अशी होती. माणूस घाबरतो तो इथेच. असलं नाव दिसलं की व्हायरसच वाटतो.

नावावरून काही ठरवायचं नाही, हा माझा नियम. एका ओळीवर उजवं बटण दाबून 'जंप टू एंट्री' केलं की रेजएडिट थेट त्या जागेवर उघडतं. ही सोय एवढी मोलाची आहे की फक्त तिच्यासाठी मी हे अवजार बाळगलं असतं. जागा होती एचकेएलएम (अख्ख्या मशीनच्या नोंदींचा सगळ्यात वरचा फोल्डर), सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस. पहिल्या पिवळ्या फोल्डरच्या पोटात इन्स्टन्सेस नावाचा उपफोल्डर होता आणि त्याच्या आत अल्टिट्यूड या नावाने ३२ पासून सुरू होणारा सहा आकडी अंक.

हा अंक फार बोलका असतो. फाइल वाचताना-लिहिताना मध्ये उभे राहणारे जे ड्रायव्हर असतात त्यांची एकावर एक उतरंड असते आणि कोणी कितव्या उंचीवर उभं राहायचं ते मायक्रोसॉफ्ट ठरवून देतं. ३२०००० ते ३२९९९८ ही उंची अँटिव्हायरसवाल्यांना दिलेली आहे. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, म्हणजे डिफेंडरचा, ड्रायव्हर ३२८०१० वर असतो. म्हणून नाव कितीही विचित्र असलं तरी उंची ३ लाख २० हजारांच्या घरातली निघाली तर बहुतेक वेळा तो कुठल्या ना कुठल्या अँटिव्हायरसचाच उरलेला खांब असतो. जो ड्रायव्हर अजून जिवंत आहे त्याची उंची बघायला रेजएडिटची गरज नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एफएलटीएमसी एवढंच टाइप केलं की यादी येते.

दुसरी पिवळी ओळ अशीच निघाली. तिसरीला उंची नव्हती. तिच्या फोल्डरात ग्रुपच्या जागी कीबोर्डचा उल्लेख होता. मग डोक्यात प्रकाश पडला. काही अँटिव्हायरस बँकेचा पासवर्ड टाइप करताना कोणी चोरून वाचू नये म्हणून कीबोर्ड आणि विंडोज यांच्या मध्ये स्वतःचा पहारेकरी बसवतात. अँटिव्हायरस काढताना पहारेकऱ्याची फाइल पुसली गेली होती, पण 'कीबोर्डवरून येणारं प्रत्येक अक्षर याच्या हातून पुढे द्यायचं' ही नोंद तशीच राहिली होती. विंडोज बिचारं दर वेळी त्याला हाक मारत होतं, तो सापडत नव्हता, आणि म्हणून सगळाच कीबोर्ड बंद ठेवत होतं. कीबोर्ड दहा वेळा बदलला असता तरी फरक पडला नसता, कारण ही नोंद एका कीबोर्डची नसते, सगळ्या कीबोर्डांच्या वर्गाची असते.

ती नोंद असते करंटकंट्रोलसेटमध्येच, कंट्रोल, मग क्लास. तिथे कंसातल्या लांबलचक नावांचे फोल्डर असतात. कीबोर्डचा फोल्डर ४डी३६ई९६बी ने सुरू होतो. त्यात अपरफिल्टर्स नावाची नोंद. तिच्यावर दोनदा टिचकी मारली तर चौकटीत दोन ओळी होत्या. एक त्या गेलेल्या पहारेकऱ्याची आणि दुसरी केबीडीक्लास.

इथे हात थांबवायचा. केबीडीक्लास हा विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. तो या चौकटीत असायलाच हवा. अपरफिल्टर्सची अख्खी नोंद पुसून टाका, असा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. तो सीडी ड्राइव्ह दिसेनाशी होते तेव्हाचा जुना उपाय आहे, ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या फोल्डरातला. तिथे तो बऱ्याचदा चालून जातो. कीबोर्डच्या फोल्डरात तसं केलंत तर जो कीबोर्ड फक्त आजारी होता तो खरोखरच जाईल. मी आधी तो फोल्डर एक्स्पोर्ट करून फाइल पेनड्राइव्हवर घेतली. मग चौकटीतली फक्त परकी ओळ निवडून पुसली, केबीडीक्लास राहू दिलं, ओके, आणि रीस्टार्ट. पासवर्डचा पडदा आला. काकांनी स्वतःच पुढे होऊन नमलॉक दाबलं. दिवा पेटला. त्यांनी तो परत बंद केला, परत पेटवला.

पावणेआठ वाजले होते. सातही पार्ट्यांचं ३बी त्या रात्रीच गेलं.

आता ऑटोरन्सची पहिली उणीव. त्याने मला पिवळा ड्रायव्हर दाखवला, पण कीबोर्डच्या वर्गातली ती ओळ मला त्याच्या एकाही पानावर दिसली नाही. ती मला माहीत होती म्हणून मी तिथपर्यंत गेले. आणि याहून महत्त्वाचं, ऑटोरन्समध्ये प्रत्येक ओळीपुढे टिकची चौकट असते. टिक काढली की ती नोंद झोपते, पुसली जात नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत ते स्टार्ट या नोंदीचा आकडा ४ करतं, म्हणजे बंद, आणि मूळचा आकडा बाजूला जपून ठेवतं. परत टिक केली की जसंच्या तसं. ही सोय मला इतकी आवडते की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते: टिक काढा, पुसू नका. पण कीबोर्ड, माउस, डिस्क यांच्या मध्ये उभ्या असलेल्या ड्रायव्हरला हा नियम आंधळेपणाने लावायचा नाही. समजा अँटिव्हायरस अजून नांदतोय आणि तुम्ही त्याच्या कीबोर्डच्या ड्रायव्हरची टिक काढलीत, तर अपरफिल्टर्समधली ओळ त्याला बोलावत राहील, तो उठणार नाही, आणि काकांच्या ऑफिसात झालं तेच तुम्ही स्वतःच्या हाताने कराल. ऑटोरन्स तुम्हाला आधी सावध करणार नाही. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी क्लासमधली ओळ, मग रीस्टार्ट, मग टिक. काकांच्या मशीनवर मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिन्ही पिवळ्या ओळींच्या टिका काढल्या, आठ दिवस मशीन तसंच वापरू दिलं, आणि मगच त्या पुसल्या.

त्या अँटिव्हायरसच्या हेल्पलाइनलाही मी दुसऱ्या दिवशी फोन केला होता. नाव इथे घेत नाही. चाळीस मिनिटं थांबल्यावर पलीकडून उत्तर आलं की आमचा प्रोग्रॅम मशीनवर आता नाही, तेव्हा आम्ही मदत करू शकत नाही. मला याचा राग आला आणि अजूनही आहे. घर सोडताना भाडेकरूने दाराला स्वतःचं कुलूप लावून जायचं आणि वर म्हणायचं, मी आता इथे राहत नाही. प्रोग्रॅम काढण्याचं काम प्रोग्रॅम बनवणाऱ्यानेच नीट करायचं असतं. ते अवघड आहे हे मला कळतं. अँटिव्हायरस स्वतःच्या नोंदींना इतका घट्ट पहारा देतो की व्हायरसलाच काय, मालकालाही त्या पुसता येऊ नयेत. त्यामुळे काढतानाही काही फोल्डर 'ॲक्सेस डिनाइड' म्हणत अडून बसतात. पण म्हणूनच बऱ्याच कंपन्या साफसफाईसाठी वेगळं छोटं अवजार फुकट देतात. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी तुमच्या कंपनीचं असं अवजार आहे का ते बघा आणि असेल तर तेच आधी चालवा. ऑटोरन्स त्याच्यानंतर.

छापखान्यातली गोष्ट वेगळी होती. तिथे प्लेट काढायच्या यंत्राशी जोडलेलं विंडोज ७ चं एक मशीन आहे. यंत्राचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून ते जपून, इंटरनेट तोडून ठेवलेलं आहे. छापखान्याच्या दादांना कोणीतरी सांगितलं की यात विचित्र नोंद आहे, हॅकिंग झालंय. नोंद खरोखरच विचित्र दिसत होती. सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, आणि त्यात क्वालिटीकॉम्पॅट नावाचा फोल्डर. आत एकच नोंद: सीएडीसीए५एफई ने सुरू होणारं, आकडे आणि अक्षरं यांची लांब साखळी असलेलं नाव, आणि किंमत शून्य. कुठल्या फाइलचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही.

मी ती ओळखली, कारण जानेवारी २०१८ चे दिवस मी विसरलेली नाही. प्रोसेसरमधले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष तेव्हा उघडकीला आले. मायक्रोसॉफ्टने ३ जानेवारीला दुरुस्ती सोडली, पण काही अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्याच्या मेमरीत अशा रीतीने हात घालत होते की दुरुस्ती बसली की मशीन निळा पडदा दाखवून कोलमडायचं. म्हणून मायक्रोसॉफ्टने अट घातली: ज्या अँटिव्हायरसला खात्री आहे की आपण दुरुस्तीच्या आड येत नाही, त्याने रजिस्ट्रीत ही खूण ठेवावी. खूण सापडली तरच विंडोज अपडेट ती दुरुस्ती द्यायचं. म्हणजे ती नोंद अँटिव्हायरसने ठेवलेली होती, पण मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून. विंडोज १० साठी ती अट मार्च २०१८ मध्ये आणि जुन्या विंडोजसाठी एप्रिलमध्ये काढली गेली. खूण मात्र जिथे होती तिथे राहिली. ती निरुपद्रवी आहे. छापखान्याच्या मशीनवरचा अँटिव्हायरस कधीच गेला होता आणि त्याची ही एवढीच आठवण उरली होती.

दादांना नुसतं तोंडी सांगून पटलं नसतं, म्हणून मी त्यांना तारीख दाखवली. हे फार कमी जणांना माहीत असतं. रजिस्ट्रीतल्या प्रत्येक फोल्डरला शेवटचा बदल कधी झाला ती वेळ चिकटलेली असते, पण रेजएडिटच्या पडद्यावर ती कुठेच दिसत नाही. फोल्डर निवडून फाइल, एक्स्पोर्ट करायचं आणि खालच्या यादीत नेहमीच्या प्रकाराऐवजी टेक्स्ट फाइल निवडायचं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की 'लास्ट राइट टाइम' म्हणून तारीख आणि वेळ येते. ही वेळ फोल्डरची असते, आतल्या एकेका नोंदीची नव्हे, हे लक्षात ठेवायचं. आम्ही उघडली तर जानेवारी २०१८ मधली तारीख आली. दादांनी जुन्या वहीत बघितलं. त्याच आठवड्यात त्यांनी अँटिव्हायरसचं नूतनीकरण केलं होतं, पावती अजून वहीत टाचलेली होती. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

क्वालिटीकॉम्पॅटची ही नोंदही ऑटोरन्समध्ये दिसत नाही, कारण ती काही चालू करत नाही. नुसती पडून असते. आणि त्याच जातीची आणखी एक जागा आहे जी ऑटोरन्स दाखवत नाही आणि माझ्या कामात वारंवार येते: विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरची यादी. अँटिव्हायरस आला की तो तिथे स्वतःचं नाव लावतो आणि डिफेंडर बाजूला होतो. जाताना नाव काढायचं राहिलं की विंडोजला वाटतं पहारेकरी अजून आहे. मशीन उघडं पडतं आणि घरच्यांना वाटतं डिफेंडर आहेच की. सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, सिक्युरिटी सेंटर, प्रोव्हायडर, एव्ही, या वाटेने गेलं की कंसातल्या नावाच्या फोल्डरात त्या गेलेल्या कंपनीचं नाव वाचायला मिळतं. एका दवाखान्यात मला तिथे दोन नावं सापडली होती आणि दोन्ही अँटिव्हायरस मशीनवर नव्हते. डॉक्टरबाईंच्या सगळ्या पेशंटची माहिती त्या मशीनवर होती. अँटिव्हायरसने मागे सोडलेल्या नोंदींत मला सगळ्यात जास्त काळजी याच नोंदीची वाटते, कारण कीबोर्ड बंद पडला तर माणूस लगेच ओरडतो, पण पहारा उठून गेलेला कोणाला कळत नाही.

ऑटोरन्सच्या बाकीच्या उणिवा थोडक्यात सांगते. सगळा पडदा इंग्रजीत आहे आणि कुठलीच ओळ स्वतःबद्दल समजावून सांगत नाही. पिवळा रंग दिसला की नवखा माणूस धावत सुटतो, पण पिवळं म्हणजे धोका नव्हे. धडधाकट विंडोजवरही एखाददुसरी पिवळी ओळ सापडते. टिक काढणं परत फिरवता येतं, डिलीट दाबलं की परत फिरवता येत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच यादीत हाताशी आहेत. व्हायरसटोटलला, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून देणाऱ्या वेबसाइटला, विचारायची सोय त्यात आहे. फाइलचा ठसा (हॅश) पाठवून विचारण्यात अडचण नाही, पण अनोळखी फाइल अख्खी पाठवायचा जो पर्याय आहे तो मी करसल्लागारांच्या आणि दवाखान्यांच्या मशीनवर कधीच चालू करत नाही. दुसऱ्याच्या मशीनवरची फाइल त्याला न विचारता बाहेर पाठवायचा मला अधिकार नाही. ज्या फोल्डरांच्या नावात मुद्दाम न दिसणारं 'नल' अक्षर घुसवून रेजएडिटला ते उघडताच येऊ नयेत अशी युक्ती केलेली असते, त्यांच्यापुढेही ऑटोरन्सचा उपयोग नाही. त्यासाठी याच लोकांचं रेजडेलनल नावाचं वेगळं अवजार आहे, आणि ते मला आतापर्यंत एकदाच काढावं लागलं.

रजिस्ट्री साफ करतो, मशीन पळवतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांशी ऑटोरन्सची तुलना कोणी करू नये. ते हजार चुका सापडल्या म्हणून सांगतात आणि एका बटणात पुसतात. काय पुसलं ते तुम्हाला कळत नाही. असे प्रोग्रॅम वापरायला मायक्रोसॉफ्टचा स्वतःचाही पाठिंबा नाही. दोन-चारशे उरलेल्या नोंदी काढून मशीन वेगाने पळालेलं मी अजून एकदाही बघितलेलं नाही. आणि चुकलं तर मागे फिरायला पूर्वीसारखी सोय राहिलेली नाही. आधी विंडोज रेजबॅक नावाच्या फोल्डरात रजिस्ट्रीची प्रत आपोआप ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ते बंद झालं. फोल्डर उघडलात तर शून्य केबीच्या फाइली दिसतात. म्हणून काम सुरू करण्याआधी रिस्टोर पॉइंट करून घ्यायचा आणि ज्या फोल्डरला हात लावणार तो एक्स्पोर्ट करून ठेवायचा. माझी यात दहा मिनिटं जातात, ती मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते.

घरच्या वापरासाठी कोणी विचारलं तर मी म्हणेन, ऑटोरन्स जरूर उघडा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, यादी वाचा, पण ड्रायव्हर्सच्या पानावर जाणत्या माणसाशिवाय काही करू नका. दुरुस्तीचं काम करणाऱ्याने मात्र हे बाळगलंच पाहिजे. फॉरमॅट मारणं सोपं असतं. त्याचे पैसे मिळतात आणि बिघाड का झाला ते शोधावंही लागत नाही. ज्याचा डेटा जातो तो मात्र आठवडाभर जुनी बिलं परत भरत बसतो. मला ते बघवत नाही.

एक सोय शेवटी सांगायची राहिली आणि आता मी तीच सगळ्यात जास्त वापरते. ऑटोरन्सची पूर्ण यादी फाइल म्हणून सेव्ह करता येते आणि नंतर तिच्याशी तुलना करता येते. ज्या ओळी नव्याने आल्या त्या हिरव्या दिसतात. गेल्या महिन्यात एका पतसंस्थेने पाच मशीनसाठी नवा अँटिव्हायरस घेतला. बसवण्याआधी मी पाचही मशीनची यादी सेव्ह केली, बसवल्यावर रीस्टार्ट करून तुलना केली. पहिल्या मशीनवर अकरा ओळी हिरव्या झाल्या, त्यांतल्या सहा ड्रायव्हर्सच्या. मग हाताने कीबोर्डच्या क्लासमध्ये जाऊन बघितलं. केबीडीक्लासच्या वर एक नवं नाव येऊन बसलेलं होतं. अकरा ओळी आणि ते बारावं नाव मी वहीत उतरवून घेतलं, समोर तारीख घातली, आणि शाखेच्या व्यवस्थापक बाईंना पानाचा फोटो पाठवून दिला. करार तीन वर्षांचा आहे.